नाक्यावर न थांबणारा आवाज

चांदवडची खिंड पाहिली की किल्ला इथेच का बांधला, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. सातमाळ्याची रांग आडवी पसरलेली, तिच्यात ही एक वाट आणि वाटेवर नजर ठेवून बसलेला डोंगर. नाशिककडून खानदेशात जाणारं धान्य, घोडे, खलिते, फौजा, सगळ्यांना याच तोंडातून जावं लागे. इंग्रजांनी हा किल्ला १८०४ मध्ये घेतला आणि १८१८ मध्ये पुन्हा घेतला, तो काही इथल्या हवेसाठी नव्हे. आज मुंबई-आग्रा महामार्ग इथूनच जातो आणि त्यावर टोलनाका आहे. राज्य कुणाचंही असो, नाक्यामागची समजूत एकच असते: जे जमिनीवरून जातं ते अडवता येतं, उघडून पाहता येतं, परत पाठवता येतं.

१९५२ च्या डिसेंबरपासून मात्र दर बुधवारी रात्री आठ वाजता या नाक्याच्या डोक्यावरून एक गोष्ट बिनदिक्कत आत येऊ लागली. त्या वर्षी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. माणूस पुण्याचा, शास्त्रीय संगीताचा भोक्ता. त्यांच्या कारकिर्दीत ऑल इंडिया रेडिओवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांची अभिरुची सुधारावी हा हेतू. लोकांनी अभिरुची सुधारली नाही, रेडिओचा काटा सरकवला. रेडिओ सिलोन लागलं, अमीन सयानींचा आवाज आला आणि ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, विमानानं कोलंबोला जायचा आणि तिथून लघुलहरींवर बसून परत भारतात यायचा. ही राजकीय सेन्सॉरशिप नव्हती, घरातल्या मोठ्या माणसानं लावलेल्या शिस्तीसारखी सौम्य बंदी होती. पण ती मोडण्याची तऱ्हा हुबेहूब तीच होती, जी जगभर फार गंभीर बंद्या मोडायला वापरली गेली. केंद्र सीमेपलीकडे, श्रोता सीमेच्या आत.

आता यातली खरी नवलाची गोष्ट. कोलंबो ते चांदवड हे सरळ अंतर सुमारे १६०० किलोमीटर. पृथ्वी गोल असल्यामुळे एवढ्या अंतरावरून सरळ रेषेत निघालेली लाट आपल्या डोक्यावरून दोनशेक किलोमीटर उंच निघून जायला हवी. ती खाली येते, कारण वाटेत कुणीतरी तिला वाकवतं. कुठे? हिशेब अवघड नाही. एका झेपेत हे अंतर कापायचं तर वळण बरोबर मध्यावर घ्यावं लागतं, आणि हा मध्य कर्नाटकात, तुमकुरूच्या किंचित उत्तरेला येतो. म्हणजे चांदवडच्या एखाद्या वाड्यात वाजलेलं लताबाईंचं गाणं तुमकुरूच्या आभाळात, अंदाजे ३०० किलोमीटर उंचीवर वळून आलेलं असायचं. तिथे ना ढग, ना पक्षी, ना श्वास घेण्याजोगी हवा.

तिथे असतात सुटे इलेक्ट्रॉन. सूर्याची अतिनील किरणं वरच्या विरळ हवेतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवून लावतात आणि वातावरणाचा तो पट्टा विद्युतभारित होतो. त्याला आयनांबर म्हणतात. रेडिओची लाट तिथे शिरली की हे इलेक्ट्रॉन तिच्या तालावर थरथरतात आणि त्या थरथरण्यामुळे लाटेची दिशा हळूहळू वाकत जाते. वारंवारता फार जास्त असेल तर लाट आरपार निघून अवकाशात जाते. योग्य असेल तर ती जमिनीकडे परतते. एफएमच्या लाटा आरपार जातात, म्हणून नाशिकचं एफएम केंद्र कोलंबोत लागत नाही.

मार्कोनीनं १९०१ मध्ये इंग्लंडमधून अटलांटिकपार न्यूफाउंडलंडला बिनतारी खूण पोचवली तेव्हा ती पोचली कशी, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नव्हतं. पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड या दोघांनी स्वतंत्रपणे तर्क मांडला की वर कुठेतरी विजेचा थर असला पाहिजे. अॅपलटननं १९२४ मध्ये तो सिद्ध केला आणि १९४७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आपल्याकडे कलकत्त्यात शिशिरकुमार मित्र याच आभाळाचा अभ्यास करत होते. हे आभाळ सगळीकडे सारखं नाही, आणि भारतावरचं तर विशेष आहे. केरळात थुंब्याजवळून चुंबकीय विषुववृत्त जातं. दिवसा त्यावरचे इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि मग पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तरेला आणि दक्षिणेला उतरतात. शास्त्रज्ञ याला कारंजंच म्हणतात. त्याची उत्तरेकडची धार साधारण अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात पडते. त्यामुळे दुपारनंतर जगातल्या सर्वांत दाट आयनांबरांपैकी एक आपल्या डोक्यावर असतं. कांद्याच्या ट्रॅक्टरमागे रांगेत उभं राहून वर पाहिलं तर निळ्याशिवाय काही दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.

पण गाण्यांचं पुरे. आता जिथे रेडिओ ऐकणं जिवावर बेतू शकत होतं, त्या ठिकाणी जाऊ. ते आपल्यापासून फार लांब नाही. चांदवडहून जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला पाचशेच्या आसपास किलोमीटर गेलं की सावंतवाडीच्या वरचं आंबोली येतं आणि तिथून खाली गोवा.

पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीतल्या गोव्यात छापलेला प्रत्येक शब्द आधी सेन्सॉरकडे जायचा. वर्तमानपत्रांची पानं तर जायचीच, पण लग्नपत्रिकासुद्धा मंजुरीशिवाय छापता येत नसे, असं त्या काळातले गोमंतकीय सांगत आले आहेत. सभाबंदी होतीच. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांनी ती जाहीरपणे मोडली. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून सत्याग्रही सीमेवरून आत शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसं मारली गेली. त्यानंतर भारतानं सीमा बंद केली, व्यापार थांबवला, रेल्वे थांबवली. राग समजण्याजोगा होता. पण याचा एक परिणाम असा झाला की आतल्या माणसापर्यंत बाहेरची बातमी पोचण्याच्या उरल्यासुरल्या वाटाही बुजल्या. आत सेन्सॉर, बाहेर नाकेबंदी. गोव्यातला माणूस दोन्ही बाजूंनी बंद.

तीन महिन्यांनी, २५ नोव्हेंबर १९५५ ला, आंबोलीच्या जंगलातून एक केंद्र बोलू लागलं. पोर्तुगीजमध्ये त्याचं नाव ‘व्होझ दा लिबर्दाद’ आणि कोंकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. ते चालवणारी माणसं दोन: वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. सुरुवातीला निकोलाव मिनेझिसही होते, नंतर हे दोघेच उरले. लिबिया लोबो मुंबईत वाढलेल्या, वकिलीचं शिक्षण घेतलेल्या. त्यांनी ऑल इंडिया रेडिओत काम केलं होतं, आणि त्याआधी महायुद्धाच्या काळात इटालियन युद्धकैद्यांची पत्रं तपासणाऱ्या कार्यालयातही. सेन्सॉरची खुर्ची आतून पाहिलेली बाई पुढे सेन्सॉरला बगल देणारं केंद्र चालवते, हा योगायोग मला फार आवडतो. कुठला शब्द कुणाला बोचतो, हे त्यांना शिकवावं लागलं नसणार.

यंत्र कुठून आलं, ही गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा आणि नगर हवेली हे पोर्तुगीजांचे दोन प्रदेश मुक्त केले. नाशिक जिल्ह्यातून सह्याद्री उतरून पश्चिमेला गेलं की लागतो तोच हा मुलूख. त्या मोहिमेत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. तिथल्या पोर्तुगीज अंमलदारांचे दोन बिनतारी संच स्वयंसेवकांच्या हाती लागले. त्यांचंच रूपांतर करून हे प्रक्षेपण केंद्र उभं राहिलं आणि ट्रकमध्ये बसवलं गेलं. पोर्तुगीज सरकारनं आपली हुकमत टिकवायला आणलेलं यंत्र, त्यातून आता पोर्तुगीज भाषेतच पोर्तुगीज सरकारचं खोटं उघडं पडायचं.

जागा आंबोलीची का? जंगल आहे, लपता येतं, हे झालंच. पण नकाशा मांडून बसलं की आणखी काही दिसतं. लघुलहरींचं एक विचित्र अपंगत्व आहे. जमिनीलगत जाणारी त्यांची लाट डोंगरझाडीत काही कोसांतच दमते, आणि आभाळातून वाकून येणारी लाट शेकडो किलोमीटर दूर पडते. मधल्या पट्ट्यात काहीच ऐकू येत नाही. गोफणीतून भिरकावलेला दगड जवळच्या पाखरांच्या डोक्यावरून जाऊन लांबच्या ताटांत पडतो, तशातली गत. आंबोलीहून पणजी जेमतेम ५५ किलोमीटर. म्हणजे नेमकी अडचणीची मजल. यावर उपाय दोन. एक, वारंवारता कमी ठेवून लाट जवळजवळ सरळ वर सोडायची, म्हणजे ती आयनांबरात वळून आसपासच्याच मुलखावर उतरते. दुसरा उपाय भूगोलाचा. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचावर आहे. एवढ्या उंच कड्याच्या टोकावरून मोकळं क्षितिज ९० किलोमीटरच्या पुढे जातं, आणि अख्खा उत्तर गोवा त्याच्या आत बसतो. घाटमाथा हाच आपोआप मिळालेला मनोरा. पुढे केंद्र कॅसलरॉकला गेलं, तीही घाटाच्या काठावरचीच जागा, आणि पणजीपासून तितकीच जवळ. गोव्याकडे जाणाऱ्या रेल्वेचं हे सीमेवरचं स्टेशन. रूळ होते, गाडी बंद होती.

या जंगलात दोघांनी सहा वर्षं काढली. पावसाळ्यात आंबोली काय असते ते तिथे जुलैमध्ये जाऊन आलेल्यांना ठाऊक आहे: धुकं, जळवा, न वाळणारे कपडे. बातम्या गोळा करायच्या, मजकूर लिहायचा, दोन भाषांत वाचायचा, यंत्र चालू ठेवायचं. पोर्तुगीज प्रचाराला उत्तरं द्यायची. जगात वसाहती कशा सुटत चालल्यात ते सांगायचं. १९६१ मध्ये अंगोलात पोर्तुगीजांविरुद्ध उठाव सुरू झाला, ही बातमी गोव्यातल्या पोर्तुगीज शिपायाला त्याच्या वरिष्ठानं सांगायची शक्यता नव्हती. आणि हे सगळं समोर कोण ऐकतंय, कुणी ऐकतंय की नाही, हे कळायची सोय नसताना.

ती सोय नव्हती, हेच या माध्यमाचं बळ होतं. बंदी घातलेलं पुस्तक घरात सापडतं. पत्रावर टपालाचा शिक्का असतो. सभेला गेलात तर कुणी पाहिलेलं असतं. रेडिओ ऐकणारा माणूस मात्र जगाला काहीच कळवत नाही. लाट गावभर सगळ्यांवर सारखीच पडलेली असते. ज्यानं काटा फिरवला त्याच्याकडे ती जास्त येत नाही, न फिरवणाऱ्याकडे कमी जात नाही. आवाज बारीक करून, दार लावून ऐकलं आणि उठताना काटा सरकारी केंद्रावर नेऊन ठेवला की मागे काही उरत नाही. काटेकोर सांगायचं तर बहुतेक रेडिओसंचांत स्वतःचा एक छोटा आंदोलक असतो आणि त्याची अगदी क्षीण लाट बाहेर झिरपते. संवेदनशील यंत्र घेऊन अगदी घराजवळ आलं तर ती पकडता येते. पण शहरभर दारोदार असं हुंगत फिरायला कुठल्या पोलिसांकडे वेळ असतो! आज आपण मोबाइलवर जे काही वाचतो-पाहतो त्याची नोंद कुठे ना कुठे होतेच. त्या हिशेबानं आजीच्या काळातला लाकडी रेडिओ अधिक विश्वासू होता, असं म्हणायला हरकत नाही.

बोलणाऱ्याचं तसं नाही. प्रक्षेपक लपत नाही. फिरती चौकट-एरियल घेऊन दोन ठिकाणांहून दिशा मोजली की दोन रेषा जिथे छेदतात तिथे केंद्र. मुंबईत १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेला काँग्रेस रेडिओ २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर सुरू झाला. विदर्भातल्या आष्टी-चिमूरला काय घडलं हे वर्तमानपत्रांना छापता येत नव्हतं, ते या केंद्रानं सांगितलं. चौपाटीच्या आसपास जागा बदलत राहिले, पोलिसांच्या गाड्या दिशा शोधत राहिल्या, आणि फितुरीही झाली. १२ नोव्हेंबरला छापा पडला. अडीच महिने. त्याच्याशेजारी आंबोली-कॅसलरॉकची सहा वर्षं ठेवून पाहा. हिंमत दोन्हीकडे तेवढीच होती. फरक होता सीमेचा. उषाबेन सेन्सॉरच्याच शहरात बसून बोलत होत्या, सरदेसाई आणि लोबो सेन्सॉरच्या पोलिसांचा अंमल जिथे संपतो त्याच्या चार पावलं पलीकडून. सीमा त्यांना अडवत नव्हती, राखत होती.

१९६१ चा डिसेंबर उजाडला. लष्करी कारवाईच्या तोंडावर शरण येण्याचं भारताचं आवाहन पोर्तुगीज गव्हर्नर जनरलसाठी याच केंद्रावरून पुन्हा पुन्हा वाचलं गेलं. १८ डिसेंबरला हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं. दोन्ही बाजूंना रेडिओचं मोल किती कळलेलं होतं ते यावरून दिसतं. १९ तारखेला गोवा मुक्त झाला, आणि केंद्राचं शेवटचं प्रक्षेपण जंगलातून झालंच नाही. लोबो आणि सरदेसाई हवाई दलाच्या विमानात बसले, विमानावर ध्वनिवर्धक लावलेला होता, आणि पोर्तुगीज व कोंकणीत ही बातमी सांगत ते गोव्याच्या आभाळात फिरले. सहा वर्षं जो आवाज आयनांबराच्या किंवा कड्याच्या आधारानं यायचा, तो त्या दिवशी रेडिओसंचाशिवाय, नुसत्या कानांनी ऐकू आला. पुढे दोघांनी लग्न केलं. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये, वयाच्या शंभरीत, पद्मश्री मिळाली.

मग सेन्सॉर करणारी सरकारं हात बांधून बसतात का? अजिबात नाही. ऐकणारा सापडत नसेल तर ऐकणंच बिघडवायचं. सोव्हिएत संघानं कित्येक दशकं बीबीसी, व्हॉइस ऑफ अमेरिका, रेडिओ लिबर्टी यांच्या वारंवारतांवर गोंगाट सोडला. चीनमध्ये तर गोंगाटाऐवजी झांजा आणि ढोल असलेलं पारंपरिक संगीत तासन्‌तास लावून ठेवलं गेलं. जगभरच्या हौशी श्रोत्यांनी त्या बाजाला ‘फायरड्रेक’ असं नाव दिलं आहे. सुरेल सेन्सॉरशिप म्हणायची ही.

पण आयनांबर कुणाच्या बाजूचं नसतं, आणि त्याची एक खोड या कामात फार उपयोगी पडली. मॉस्कोत सूर्य मावळला आहे असं समजा. पश्चिम युरोपातून येणाऱ्या लाटेचं वळण मॉस्कोच्या पश्चिमेला आहे आणि तिथे अजून ऊन आहे. इलेक्ट्रॉन दाट आहेत, उंच वारंवारतेची लाटही वाकून खाली उतरते आहे. गोंगाट करणारी दूरची केंद्रं मात्र पूर्वेला. त्यांच्या वाटेवर रात्र पडली, इलेक्ट्रॉन विरळ झाले, आणि त्याच वारंवारतेचा त्यांचा गोंगाट आरपार अवकाशात निघून गेला. संध्याकाळचा तास-दीड तास पश्चिमेकडचा आवाज स्वच्छ येई, कारण पृथ्वी फिरते आहे! अभियंत्यांनी याला संधिप्रकाशाचं अभय म्हटलं आणि कार्यक्रमांच्या वेळा त्यावर बेतल्या. मोठ्या शहरांत सरकारनं जागोजागी छोटे गोंगाटी प्रक्षेपकही बसवले होते. त्यांचा पल्ला शहराच्या वेशीपर्यंतच असल्यामुळे लोक सुट्टीत गावाबाहेरच्या घरी गेले की निवांत ऐकत. हा सगळा खटाटोप १९८७-८८ मध्ये बंद झाला.

आपल्याकडे २५ जून १९७५ ला आणीबाणी आल्यानंतर गोंगाट सोडावा लागला नाही, वर्तमानपत्रं आणि आकाशवाणी हाताशी होतीच. नाशिक रोडच्या तुरुंगात स्थानबद्ध भरले होते आणि बाहेर लोक बीबीसी लावत होते. बीबीसीचे मार्क टली सेन्सॉरच्या अटी मान्य करेनात, म्हणून त्यांना देश सोडावा लागला. बीबीसी हिंदीचं लघुलहरींवरचं प्रक्षेपण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. त्यानंतर दोनच वर्षांनी युक्रेनवर हल्ला झाला आणि तिथल्या लोकांसाठी बीबीसीला लघुलहरींवर दोन नव्या वारंवारता उघडाव्या लागल्या. मनोरा पाडता येतो, इंटरनेटची तार तोडता येते, आभाळातले इलेक्ट्रॉन गोळा करून नेता येत नाहीत.

गोव्याची गोष्ट मात्र १९६१ ला संपली नाही, ती पोर्तुगालला जाऊन पोचली. तिथे सालाझारची राजवट आणि तिचा सेन्सॉर शाबूत होते. लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगात त्या राजवटीचे पोर्तुगीज विरोधक कोंडलेले होते, आणि त्याच तुरुंगात गोवा मुक्तिसंग्रामातले आपले सांगलीचे मोहन रानडेही होते. गोवा सुटल्यावर तब्बल सात वर्षांनी, जानेवारी १९६९ मध्ये, ते सुटले. याच काळात देशाबाहेर पडलेल्या पोर्तुगीजांनी समुद्रापलीकडे अल्जिअर्समधून लघुलहरींवर एक केंद्र चालवलं. कवी मानुएल अलेग्र तिथून बोलत. सेन्सॉरनं झाकलेल्या बातम्या, आफ्रिकेतल्या युद्धांचं खरं चित्र, सगळं पोर्तुगीजमध्ये, पोर्तुगालमधल्या बंद दारांआड. केंद्राचं नाव होतं ‘रादिओ व्होझ दा लिबर्दाद’. आंबोलीच्या ट्रकवर जे नाव होतं तेच. फरक एवढाच की गोव्याच्या माणसांनी ते काही वर्षं आधी वापरलं होतं.

त्या राजवटीचा शेवटही रेडिओवरच ठरला. एप्रिल १९७४ मध्ये बंडाच्या तयारीत असलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांना देशभरच्या छावण्यांना एकाच क्षणी खूण द्यायची होती. त्यांनी झेका आफोन्सोचं ‘ग्रांदोला’ हे गाणं निवडलं. २५ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी ते लिस्बनच्या एका केंद्रावरून वाजलं आणि रणगाडे हलले. महिनाभर आधीच लिस्बनमधल्या एका मैफलीसाठी सेन्सॉरनं आफोन्सोची गाणी तपासली होती. बरीचशी अडवली. हे एक तेवढं निरुपद्रवी वाटलं म्हणून सोडून दिलं होतं.